चंपाबाईंची मागची भिंत

आष्ट्यात चंपाबाई पाटील हे नाव काढलं की जुनी माणसं आधी हसतात. त्याला कारण आहे. या बाईंनी एका उन्हाळ्यात वाळवी वेताच्या बुट्टीत घालून, बुट्टी डोक्यावर घेऊन, भर गावातून शिवारापर्यंत नेली. एकदा नव्हे, सलग नऊ दिवस. हसून झालं की तीच माणसं जरा थांबतात आणि म्हणतात, “पर बाई लय धीराची.” दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

चंपाबाईंचं माहेर मिरजेच्या पलीकडचं, कर्नाटकाच्या तोंडाशी असलेलं. चौदाव्या वर्षी त्या आष्ट्याच्या जैन पाटलांच्या घरात आल्या. सासू-सासरे गेले, मूलबाळ झालं नाही. थोरले दीर रामगोंडा हळदीच्या व्यापारासाठी सांगलीला गेले आणि जाताना धाकट्या भावाला म्हणाले, “शेत तुझं, घर तुझं. मला काई नको.” असे दीर कुणाला मिळतात? चंपाबाई रोज सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जायच्या तेव्हा देवापुढं नवऱ्याच्या जोडीनं दिराचंही नाव घ्यायच्या.

नवरा आदगोंडा. उसातला माणूस. बेणं लावण्यापासून गुळाची ढेप उतरवण्यापर्यंत त्यांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. पण १९४२च्या पावसाळ्यात त्यांना दम लागायला लागला आणि पुढच्या पावसाळ्यात तो छातीत घर करून बसला. पावसाच्या चार महिन्यांत त्यांना धड आडवंही होता येत नव्हतं. भिंतीला टेकून, पुढं पोतं घेऊन, त्यावर हात टाकून ते बसून राहत. एक वाक्य बोलायचं तर मध्ये दोनदा थांबावं लागे.

याचं मूळ घरातच होतं. घर म्हणजे एकामागं एक तीन खोल्या : पुढं ओसरी, मध्ये माजघर, मागं स्वयंपाकघर. उजेड यायचा तो पुढच्या दारातून, आणि स्वयंपाकघरापर्यंत पोचेपर्यंत तो थकून जायचा. चोराच्या भीतीनं मागच्या भिंतीला खिडकी ठेवायची पद्धत त्या भागात नव्हतीच. दुपारी बाराला चंपाबाई पणती लावून भाकरी थापायच्या. पावसाळ्यात ओल्या तुरकाट्या आणि उसाची चिपाडं पेटवली की धुराला बाहेर जायला वाट नसे. मग तो निवांतपणे तिन्ही खोल्यांत फिरून यायचा. सांगलीच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून पाहिली आणि म्हणाले, “पाटील, औषध देतो. पण घरात हवा नसेल तर हे औषध तुम्ही प्यालात काय आणि भिंतीला पाजलंत काय, सारखंच.”

१९४४च्या पाडव्याला रामगोंडा आष्ट्याला आले. धाकट्या भावाचा आवाज ऐकून त्यांनी तिथंच ठरवून टाकलं.

“आदू, आता फुरं. मृगाच्या आधी गाडी घिऊन येतो. सामान भरायचं आन सांगलीला यायचं. शेत वाट्यानं लाव. दुकानात गादीवर बसून लिवायचं काम कर.”

आदगोंडा खाली बघत राहिले. दुकानात बसून हळदीच्या पोत्यांकडं आणि रस्त्याकडं बघत दिवस काढायचे, ही कल्पनाच त्यांना दम्याहून जड होती. पण बापाच्या जागी असलेल्या भावाला नाही कसं म्हणायचं?

चंपाबाई दाराआड उभ्या होत्या. थोरल्या दिरासमोर तोंड वर करून बोलायची रीत नव्हती. बोलायचं ते नवऱ्याला उद्देशून, पण दिराला ऐकू जाईल असं.

“आप्पास्नी सांगा,” त्या दाराआडून म्हणाल्या, “मृगाच्या आधी आमी घरात हवा आनतो. न्हाई आनली तर मी सोताच्या हातानं गाडी भरीन.”

रामगोंडांनीही दाराकडं न बघता भावालाच विचारलं, “ही हवा आननार कुठनं? बाजारातनं?”

“सांगा, मागच्या भितीतनं.”

“गवंडी कोन?”

गवंडी नव्हतेच. लढाई चालली होती. होते-नव्हते ते गवंडी आणि सुतार पुण्याकडं लष्कराच्या बांधकामांवर गेले होते. सिमेंट, पत्रा, खिळा काहीच मिळत नव्हतं. रॉकेल तर कार्डावर मोजून.

“सांगा, मी,” दार म्हणालं.

रामगोंडा मोठ्यानं हसले. पण मनानं सरळ माणूस. म्हणाले, “बरं. मृगाच्या आधी येतो. हवा असली तर माझी गाडी मोकळी जाईल. न्हाईतर भरून.”

अक्षय्य तृतीया झाली आणि दुसऱ्या दिवशी चंपाबाईंनी पदर खोचला. पहार त्यांच्या हातात, आदगोंडा बाजूला पाटावर. पाच घाव घातले की त्यांना धाप लागायची, म्हणून बायकोनं त्यांना पहारीला हात लावू दिला नाही. ते खडूनं भिंतीवर चौकोन आखायचे, कुठला थर आधी काढायचा ते सांगायचे, वरच्या भाराला बैलगाडीच्या जुन्या जुवाचा टेकू कसा द्यायचा ते दाखवायचे. भिंत होती मातीच्या भेंड्यांची. ओल्या पांढऱ्या मातीचे मोठे गोळे एकावर एक रचून, पायानं तुडवून केलेली, दोन हात जाडीची.

पहिल्या दिवशीच शेजारची मनुबाई कमरेवर हात ठेवून मागच्या परड्यात उभी राहिली. तिचा नवरा सयाजी पलटणीत होता, दूर इटलीत का कुठं. ती वयानं चंपाबाईंपेक्षा लहान, पण जीभ मोठी.

“काय चाललंय, चंपाक्का? भूमिगतांना वाट काढून देताय व्हय?”

“हवेला वाट काढतीया.”

“आन आण्णा पाटावर बसून पूजा सांगत्यात जनू! आमच्यात बाप्ये भित पाडत्यात आन बाया बसून सांगत्यात.”

“तुजा बाप्या इटलीत भिती पाडतोय,” चंपाबाई घाम पुसत म्हणाल्या. “जा, भाकरी करपंल तुजी.”

तिसऱ्या दिवशी पहारीच्या टोकाला भिंत मऊ लागली. चंपाबाईंनी भेंडा हलवून बाहेर काढला, तर आतून तो पोळ्यासारखा पोखरलेला, आणि त्यात पांढरी वाळवी वळवळत होती. वरचं आडवं लाकूड बोटानं दाबलं तर बोट आत गेलं. ज्या चौकोनात खिडकी यायची, तेवढ्या सगळ्या चौकोनात वाळवीचं गाव वसलेलं होतं.

मनुबाई परड्यातून म्हणाली, “वता की रॉकेल. न्हाईतर उकळतं पानी. एका घटकंत खेळ खलास.”

आदगोंडा पाटावरून उठले. त्यांच्या घरात पाणी गाळून प्यायचे, गाळण्याच्या फडक्यावर राहिलेला जीवसुद्धा परत विहिरीत नेऊन सोडायचे. दिवस मावळला की जेवण बंद, न जाणो दिव्यावरचा किडा ताटात पडेल. असा माणूस वाळवीवर उकळतं पाणी ओतेल?

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “बुजव ती जागा.”

“बुजव? मग खिडकी?”

“खिडकी न्हाई. हजारो जीव हाईत ह्यात. माज्या एका… श्वासासाठी… ह्येंचं घर मोडायचं न्हाई. मी सांगलीला जातो.”

चंपाबाईंनी पहार खाली ठेवली. अठरा वर्षांच्या संसारात त्या नवऱ्यावर आवाज चढवून कधी बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी बोलल्या.

“वाळवीचा जीव तेवडा जीव, आन तुमचा? तुमच्यात काय भुसा भरलाय? दुकानात गादीवर बसून तुमी सा म्हयन्यात वाळाल. ती हत्या कुनाच्या माथी?”

आदगोंडा ओसरीवर जाऊन बसले. चंपाबाई भिंतीपुढं बसून राहिल्या, बराच वेळ. काढलेला तो भेंडा तसाच मांडीजवळ होता. वाळवी त्यातून बाहेर आली नव्हती. उजेड नको म्हणून आत आत सरत होती. बघता बघता चंपाबाईंच्या ध्यानात आलं, की भेंडा फोडला नाही तर वाळवी त्यातून पडत नाही. घर हललं, पण घरातली माणसं घरातच.

त्या उठून ओसरीवर गेल्या.

“आवं, ह्येंचं घर मोडायचं न्हाई. उचलून न्यायचं.”

“कुठं?”

“मळ्याच्या बांधाला वारूळ हाय, बाभळीखाली. त्येंचेच भाऊबंद असतील तितं.”

आदगोंडा त्या दिवसात पहिल्यांदा हसले. हसताना खोकला आला, पण हसले.

त्या दिवसापासून पहार बाजूला पडली. चंपाबाई एक लाकडी पट्टी घेऊन भेंड्याभोवतीची माती कोरायच्या, भेंडा अलगद दोन्ही हातांनी उतरवायच्या, बुट्टीत ओल्या गोणपाटावर ठेवायच्या, वरून दुसरं गोणपाट. चुंबळ डोक्यावर, चुंबळीवर बुट्टी, आणि गल्लीतून, बाजारातून, वेशीबाहेर मळ्यापर्यंत. वाटेत धक्का लागू नये म्हणून चाल अशी, की डोक्यावर देवाची मूर्ती असावी.

गावाला करमणूक मिळाली. पारावरची माणसं उठून उभी राहायची. “बाजूला व्हा रं, वाळवीची वरात आली!” कुणी म्हणायचं, “काकू, नवरदेव कुठला?” चंपाबाईंचं उत्तर ठरलेलं. “नवरी हाय. सासरी सोडाय चाललोय. तुमी आहेराचं बघा.” नवव्या दिवशी पोखरलेलं ते आडवं लाकूडही गोणपाटात गुंडाळून, आदगोंडांनी एका टोकाला आणि चंपाबाईंनी दुसऱ्या टोकाला धरून नेलं. आदगोंडा वाटेत अकरा वेळा थांबले. पण नेलं.

भिंतीत आता एक भगदाड होतं आणि त्यातून पहिल्यांदाच परड्यापलीकडचा ऊस स्वयंपाकघरात दिसत होता. चंपाबाईंना वाटलं, आता जिंकलं. इथंच त्या चुकल्या.

चौकट करायला आदगोंडांनी मळ्यातल्या कडुनिंबाची पडलेली फांदी घेतली. बसून रंधा मारण्याचं काम त्यांना झेपत होतं. पण नव्या लाकडाला पुन्हा वाळवी लागली तर? मारायची तर नाही, मग तिनं येऊच नये असं काहीतरी हवं. चंपाबाईंना माहेरची रीत आठवली : लाकडाला बिब्ब्याचं तेल चोळायचं. बिब्ब्याच्या कडू वासानं वाळवी लांब राहते. त्यांनी शेरभर बिब्बे आणले, भाजून त्यांचं काळं तेल काढलं आणि फडक्यानं चौकटीला चोळायला बसल्या. फडकं लहान पडलं तेव्हा तळहातानं चोळलं. घाम आला तेव्हा त्याच हाताच्या मनगटानं कपाळ पुसलं.

बिब्बा काहींना काहीच करत नाही आणि काहींना उततो. आपण त्या दुसऱ्यांतल्या आहोत हे चंपाबाईंना दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. डोळे सुजून मिटले, हातांना फोड, गाल टम्म.

मनुबाई धावत आली आणि दारातच थबकली. “अगं बया! वाळवीला लागू न्हाई म्हनून सोताला लावून घेतलंसा व्हय?”

मग तिनं घरी जाऊन तीळ आणि खोबरं वाटून आणलं आणि चंपाबाईंच्या तोंडाला, हातांना लेप दिला. वैदू म्हणाला, तीन आठवडे हातांना पाणी नको, माती नको. मृगाला उरले होते अठरा दिवस. भगदाड उघडं, चौकट जमिनीवर आडवी, धुराचं काही केलेलं नाही. पहिला पाऊस आला असता तर उघड्या जागेतून भिंतच वितळली असती.

डोळे मिटलेल्या चंपाबाई खाटेवर पडून होत्या. त्यांना रडताही येईना, कारण अश्रू गालाला झोंबत होते. “गाडी भरायला घ्या,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “माजंच चुकलं.”

तेवढ्यात मागून कोरण्याचा आवाज आला. आदगोंडा बघायला गेले, तर मनुबाई पदर खोचून भगदाडात उभी. चौकट बसायला जागा थोडी कमी पडत होती, तेवढी ती वाढवत होती. पहार भिंतीला टेकवलेली. हातात तीच लाकडी पट्टी.

“मनुबाई, तू कशाला…”

“आण्णा, तुमी बसा पाटावर आन पूजा सांगा.”

“अगं, तुजी घरची कामं…”

“असं बगा,” मनुबाई वळून म्हणाली. “इटलीतनं पत्र येतं तवा वाचून कोन दावतं? तुमी. तुमी सांगलीला गेलासा तर मी कुनाकडं जाऊ? तलाठ्याकडं? आमचं मानूस पत्रात काय बी लिवतंय. ते तलाठ्यानं वाचायचं व्हय?”

आदगोंडा लाजले आणि पाटावर जाऊन बसले.

संध्याकाळी मनुबाई खाटेजवळ आली. एक भेंडा अजून वाळवीचा निघाला होता. तो तिनं गोणपाटात बांधून, डोक्यावर घेऊन, बाभळीखाली नेऊन ठेवला होता. तिच्या घरात असला नेम नव्हता. तिच्या घरी कोंबडी कापत. तरी नेला होता.

“एक बी मेली न्हाई,” ती म्हणाली. “हवं तर मोजून घ्या.”

चंपाबाईंनी लेप लावलेला हात चाचपडत पुढं केला आणि मनुबाईच्या पायाला लावला. मनुबाई विस्तव पडल्यासारखी मागं सरली. “आवं, थोरल्या हाईसा तुमी! पाप लागंल मला! आन बिब्बा बी!”

चौकट बसली. मनुबाईनं शेण, भुसा आणि माती पायानं तुडवून चिखल केला आणि चौकटीभोवती लिंपलं. लोखंडाचे गज मिळण्याचा प्रश्नच नव्हता. आदगोंडांनी बाभळीचे दांडे तासून ठोकले. चोराच्या आधी मांजर आत येईल, असं मनुबाईचं मत पडलं.

मग राहिला धूर. त्याचा विचार आदगोंडांनी भिंतीपुढं बसून सगळा उन्हाळाभर केला होता. एका सकाळी ते चंपाबाईंना म्हणाले, “आपन गुराळात चुलवान बांदतो. वर काहिल, खाली जाळ, आन धुराला मागं उंच धुराडं. जन्मभर गुळाला धुराडं बांदलं. घरातल्या चुलीला बांदायचं कदी सुचलंच न्हाई. गुळ काळा पडू ने म्हनून जीव टाकतो आमी. तू काळी पडलीस ते दिसलं न्हाई.”

चंपाबाईंचे डोळे तेव्हा नुकते किलकिले उघडत होते. त्या म्हणाल्या, “आता तर लाल पडलोय,” आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

विटा नव्हत्या, पत्रा नव्हता. आदगोंडा कुंभाराकडं गेले आणि भट्टीत तडकलेली मडकी घेऊन आले. कुंभारानं ती तशीच दिली, वर विचारलं, “आण्णा, फुटक्या मडक्यात काय शिजवनार?” मडक्यांची बुडं अलगद फोडायची आणि एकाच्या तोंडात दुसरं बसवायचं, सांधे चिखलानं लिंपायचे. चुलीच्या मागून भिंतीला लागून मडक्यांची ही नळी छपरातून वर गेली. बसून करण्यासारखं काम होतं. छपरावरचं काम मनुबाईनं केलं.

पहिल्या दिवशी चूल पेटवली आणि धूर जसा वर गेला तसा खाली आला. पश्चिमेचा वारा मडक्याच्या तोंडातून त्याला परत ढकलत होता. आदगोंडांना असा ठसका लागला की त्यांना ओसरीवर नेऊन बसवावं लागलं. मृगाला राहिले होते पाच दिवस.

दम ओसरल्यावर ते पहिल्यांदा काय बोलले असतील? “तीन मडकी… कमी पडली. गुराळाचं… धुराडं… वळचनीच्या वर जातं.”

मनुबाईनं कपाळावर हात मारला आणि पुन्हा शिडी लावली. तीन मडकी वर चढली. सगळ्यांत वरच्या मडक्यावर, पाऊस आत येऊ नये म्हणून, तीन खड्यांवर एक परळ, म्हणजे मातीची पसरट थाळी, पालथा घातला. दुसऱ्या दिवशी चूल पेटवली. धूर चुलीतून मागं वळला, मडक्यात शिरला आणि गेला. खिडकीतून वारा आला तर त्याला उसाच्या पाल्याचा वास होता. तिघंही चुलीपुढं बसून वर बघत राहिली. मनुबाई म्हणाली, “देव दिसल्यावानी काय बगताय? भाकरी टाका कुनीतरी!”

रामगोंडा मृगाच्या दोन दिवस आधीच आले. दारात गाडी उभी राहिली, गाडीत दोर आणि रिकामी पोती. ते आत आले आणि समोर चंपाबाई, सालपटं निघालेला चेहरा, हातांना फडकी.

“आदू,” ते हादरून म्हणाले, “ह्ये काय झालं?”

“बिब्बा उतला, आप्पा. बसा. जेवायची येळ झाली, दिस मावळंल. मी करतो भाकरी.”

“तू?”

“तिच्या हाताला पानी न्हाई चालत.”

“आन तू चुलीपुढं बसनार? सांजच्याला मला डाक्टर शोधत फिराय लागंल!”

पण तोवर आदगोंडा चुलीपुढं बसलेही. चंपाबाई दाराआड उभ्या राहिल्या. गाडीतले दोर त्यांना तिथून दिसत होते, आणि नवऱ्याची पाठही. त्या पाठीकडं बघत त्या प्रत्येक श्वास कानानं तोलत होत्या. आदगोंडांनी पीठ मळलं आणि बोलायला लागले. लावणीच्या उसाबद्दल, विहिरीच्या पाण्याबद्दल, बांधावरच्या वारुळाबद्दल, मडक्यांबद्दल. पहिली भाकरी तव्यावर टाकताना फाटली.

“ही भाकरी हाय का हातपाय पसरून बसल्याला बेडूक?” रामगोंडा म्हणाले.

“खाताना गोल लागती, आप्पा.”

दुसरी भाकरी, तिसरी. तुरकाट्या धडधडत होत्या. आदगोंडा बोलतच होते, वाळवीच्या वरातीची गोष्ट सांगत होते, एकही वाक्य मध्ये न तोडता. रामगोंडांनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं.

“धूर लागला व्हय, आप्पा?”

“धूर कुटाय गड्या?” रामगोंडा म्हणाले. “त्येच तर.”

मग त्यांनी एक अशी गोष्ट केली, जी त्या घरात कधी झाली नव्हती. ते दाराकडं वळले आणि भावाच्या मार्फत नव्हे तर सरळ बोलले.

“चंपा, मी हरलो. सामान भरायचं न्हाई.” जरा थांबून, आवाज खाली करून म्हणाले, “आमच्या सांगलीच्या घरात बी स्वयंपाकघराला खिडकी न्हाई. तुजी जाऊ दोन वर्सं खोकती. मला वाटायचं, बायकांना खोकला असतोच. तुमी दोगं येशिला का? ऱ्हायला न्हवं. ती मडकी बसवाय.”

सवयीनं चंपाबाईंच्या तोंडून निघालं, “सांगा, येतो म्हनून.”

पुढं आदगोंडा पुष्कळ वर्षं जगले. पावसाळ्यात दम लागायचा, पण आडवं होऊन झोपता यायचं. त्या उन्हाळ्याचं कुणी कौतुक केलं की चंपाबाई अवघडून जायच्या. “माजं काय त्यात?” म्हणायच्या. मग बोटांवर मोजत एकेकाचं नाव घ्यायच्या : फुकट मडकी देणारा कुंभार, परत फिरणारे आप्पा, मनुबाई, आणि ज्यांनी बिनबोभाट गाव बदललं ती वाळवी. वाळवीशी आल्यावर ऐकणारे हसायचे. चंपाबाई हसत नसत. त्यांना खरंच तसं वाटायचं.

पण हे सगळं नंतरचं. रामगोंडा हरले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची गाडी निघाली ती कुंभाराच्या तडकलेल्या मडक्यांनी भरून. मडक्यांमध्ये पाला कोंबलेला, आणि मडक्यांच्या कडेला, हाताची फडकी सांभाळत, चंपाबाई. आदगोंडा गाडीत बसले नाहीत. वेशीपर्यंत चालतो म्हणाले आणि बैलांच्या जोडीनं चालले.

मनुबाई वेशीपाशी उभी होती. “किती दिस?”

“आठ,” चंपाबाई म्हणाल्या.

“आठ म्हंजी आठच बरं का. नवव्या दिवशी मी येती, सांगलीला, गाडी घिऊन.”